दाजीसाहेबांचा चाकू

दाजीसाहेब इनामदारांना चाकूंचा भारी शौक, आणि आवड दरसाल बदलायची. यंदा जत्रेत चाकू विकणाऱ्या सुंद्राक्काच्या पालापुढं ते चारचौघांत गरजले, "हे नव्या घडणीचे चाकू म्हणजे नुसता नखरा! चाकू असावा तर आमच्या खिशातल्यासारखा, जुना. उचल तुझं दुकान!"

"उचलते, सरकार," आक्कानं पेरू पुढं केला. "तेवढी तुमच्या चाकूनं याची एक फोड करून दाखवा."

दाजीसाहेबांनी चाकू काढला. बाहेरून पुसून चकचकीत, पण आत गंजलेलं पातं काही केल्या उघडेना. जन्मात कधी त्यानं काही कापलंच नव्हतं. नख तुटलं, माणसं हसू दाबू लागली.

"राहू द्या, सरकार. आमचा चाकू नखरेल खरा, पण बोलावलं की बाहेर तरी येतो!"

दाजीसाहेबांचे कान लाल झाले. "दुकान राहू दे," एवढंच पुटपुटून, तुटकं नख तोंडात धरून ते खालमानेनं गर्दीतून निघाले.