पाणी पिणारे चित्र

एका राज्यात डोंगर होते, नद्या होत्या, सूर्य रोज वेळेवर उगवत होता, पण हिरवे म्हणावे असे काही उरले नव्हते. झाडे होती, ती दगडाची. गवत होते, तेही दगडाचे. अनवाणी चालणाऱ्याचे तळवे त्याने सोलून निघत. वारा सुटला की पानांची सळसळ होत नसे, खडखड होई. गुरे केव्हाच परमुलखात हाकली गेली होती आणि त्यांच्यामागून माणसेही निघाली होती.

हे असे का झाले, ते ऐका.

त्या राज्याचा राजा धैर्यकेतू याला नवा प्रासाद बांधायचा होता, आणि त्याचे खांब अखंड वृक्षांचे हवे होते. त्याने जुन्या देवराईत कुऱ्हाडी पाठवल्या. देवराईत तमालनाथ नावाचा मांत्रिक राहत असे. तो भर दरबारात येऊन उभा राहिला.

"राजन, जी झाडे तू पाडलीस त्यांतल्या एकाचे तरी पान कसे होते, सांग. मी मुकाट परत जातो."

राजा हसला. "लाकूड ते लाकूड. त्यात बघायचे काय?"

तमालनाथाने कमंडलूतले पाणी फरशीवर ओतले. ते पसरले नाही, ओघळले नाही. पडल्या जागी त्याचा दगड झाला.

"तर मग तू न पाहिलेले सारे दगड होवो," मांत्रिक म्हणाला, "आणि त्यासोबत तूही हो. तुझ्याच रक्ताच्या कुणी या राज्यातले एक झाड पाण्याच्या रंगांनी असे रंगवावे, की कागदावरचे झाड पाणी पिईल. त्या घटकेला शाप सुटेल. तुझे काळीज दगड होण्याआधी झाले तर झाले."

त्याच क्षणी राजाच्या पायांची बोटे गार पडली. मग घोटे, मग पोटऱ्या. राजा सिंहासनावर बसला तो बसलाच.

राजाला एकच अपत्य होते, राजकन्या वज्रलेखा. ती उधळलेल्या घोड्याला लगाम घाली, पळत्या रानडुकराचा नेम धरी, आणि तलवारीचा हात असा, की सेनापतीही तिच्यासमोर दोन पावले मागे सरे. मात्र कुंचला तिने कधी हाती धरला नव्हता. दरबारच्या चितारींनी तिला आपल्या परीने शिकवले. कागदावर झाडे उमटली, नक्षीदार उमटली, पण एकही चित्र पाण्याचा थेंब प्याले नाही.

एके सकाळी तिने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा दगडाचा होता.

"तात, मी शिकून येते."

"बाळ, ही कला यायला वर्षे लागतात."

"मग आजच निघायला हवे," ती म्हणाली, आणि निघाली.

राज्याच्या सीमेवर एका दगडी फांदीवर एक धनेश पक्षी बसला होता. मोठी पिवळी चोच, पंख धुळीने माखलेले. चोचीत परमुलखातून आणलेले उंबर होते. ते बाजूला ठेवून तो माणसाच्या वाणीने बोलला.

"राजकन्ये, तू चित्र शिकायला निघालीस ना? गुरू मी दाखवतो. पण जलद चल. माझी बायको देवराईतल्या बेहड्याच्या ढोलीत अंड्यावर बसली आहे. आमच्यात मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून घास भरवतो. झाडाचा दगड झाला, आणि आता ती फट रोज थोडी मिटते आहे."

"आज किती उरली आहे?"

"माझी चोच जाते. नेटाने घालावी लागते."

वज्रलेखेने घोड्याला टाच मारली. पक्षी पुढे, घोडा मागे. सीमा ओलांडताच रान हिरवे झाले. इतके हिरवे तिने किती दिवसांत पाहिले नव्हते! ते सारे एकाच वेळी पाहून घ्यावे असे तिला झाले.

रानापलीकडे सरोवर होते, सरोवरात बेट, आणि बेटावर आर्द्रादेवी नावाची वृद्ध जादूगारीण राहत असे. तिच्या बोटांतून अखंड पाणी ठिबके. धनेशाने साद घातली, तशी सरोवराच्या पाण्याची पायवाट झाली. वज्रलेखा त्या वाटेवरून चालत गेली आणि तिने वाकून नमस्कार केला.

"माते, मला झाड रंगवायला शिकवा. वेळ थोडा आहे."

"वेळ थोडा असेल तर हळू शिकावे लागेल," आर्द्रादेवी म्हणाली. "तीन कामे आहेत. दोन इथे, तिसरे तुझ्या घरी. हे अळूचे पान. रंगव."

वज्रलेखेने कुंचला मुठीत धरला, हिरव्यात निळा घातला, निळ्यात पिवळा, पिवळ्यात तांबडा, आणि कागदावर वार केला. चिखल झाला. कागद फुगून वाकडा झाला आणि कुंचल्याचे केस फिसकटले.

"कोणाला मारलेस?" वळचणीवरून धनेशाने विचारले.

आर्द्रादेवी हसली नाही. तिने दुसरा कागद मांडला. "कुंचला हलका धर. रंग दोनच घे, तिसऱ्याने चिखल होतो. आधी पाणी, मग रंग. आणि रंगापेक्षा जास्त वेळ पानाकडे पाहा. कागदाखालून उजेड येऊ दे, त्याला झाकू नकोस."

वज्रलेखा पानासमोर बसली. बसणे तिला ठाऊक नव्हते. आधी पाय वळवळले, मग मान अवघडली, आणि मग अचानक तिला दिसले, की पान एका हिरव्याचे नव्हतेच! देठाशी ते जांभळट होते, कडेला पिवळे, आणि जिथे आभाळाचे प्रतिबिंब पडले होते तिथे चक्क निळसर. तिने कागदावर नुसते पाणी फिरवले. ओल्यात पिवळा सोडला, त्यात निळा टेकवला. दोन्ही रंग आपापसांत धावले आणि तिच्या डोळ्यांदेखत हिरवे झाले.

"अहो, हे मी केले नाही!" ती ओरडली. "हे आपोआप झाले!"

"पाण्याने केले," आर्द्रादेवी म्हणाली. "तू फक्त अडवले नाहीस."

शेजारच्या वाटीतले पाणी थरथरले आणि बोटभर खाली गेले. पान प्यायले होते.

दुसऱ्या कामासाठी देवीने अनंताचे शुभ्र फूल समोर ठेवले. वज्रलेखेने रंगांच्या शिंपल्या चाळल्या, पुन्हा चाळल्या.

"माते, पांढरा रंग कुठे आहे?"

"माझ्या घरी पांढरा नाही."

"मग पांढरे फूल रंगवू कसे?"

"रंगवू नकोस. राहू दे."

हे वाक्य घेऊन ती बेटभर फिरली. कधी तिला राग येई, कधी रडू. दारातल्या आंब्याखाली बसून तिने नवी पालवी पाहिली: तांबूस, मऊ, ओल्या फडक्यासारखी खाली लोंबणारी, हिरवी व्हायला अजून वेळ असलेली. पाहण्याचे तिला आता वेडच लागले होते. मुंगी चालली तरी ती मुंगीची सावली पाही. मग परत येऊन ती अनंताकडे वळली आणि फुलामागच्या पानांचा गडद काळोख तिच्या नजरेत भरला. फूल पांढरे दिसत होते ते त्या काळोखामुळे.

तिने फुलाला हात लावला नाही. तिने पाने रंगवली, पानांमागची सावली रंगवली, आणि पाकळ्यांच्या कडेपाशी श्वास रोखून कुंचला वळवला. मधोमध कोरा कागद राहिला. तोच कागद फूल होऊन उमलला. वाटीतले पाणी निम्मे झाले, आणि झोपडीत अनंताचा वास दरवळला.

वज्रलेखा अंगणात धावली, तिने धनेशाला पंखांसकट उचलले आणि गरगर फिरवले.

"मला ठेव खाली," धनेश म्हणाला. "मी आज देवराईत जाऊन आलो. आता फक्त चोचीचे टोक जाते."

तिचे हसू थांबले. आर्द्रादेवीने तिला कागद, कुंचला, दोन-चार शिंपल्या रंग आणि सरोवराच्या पाण्याची एक वाटी दिली. "बेहडा रंगव. मी तो पाहिलेला नाही, म्हणून मला काही विचारू नकोस."

घोडा वाऱ्यासारखा सुटला. वाटीतला थेंबही सांडला नाही. हात हलका झाला होता. देवराईच्या तोंडाशी तमालनाथ उभा होता. त्याच्या पायाशी उघडी पेटी होती. पेटीत माणकांचा तांबडा होता, पाचूंचा हिरवा, पुष्कराजांचा पिवळा. ते तेज पाहून घोडाही बिचकला.

"राजकन्ये, तुझा पिता छातीपर्यंत दगड झाला आहे," मांत्रिक म्हणाला. "शिंपल्यांतल्या फिक्या रंगांनी कधी उरकशील? हे घे. एका फटकाऱ्यात झाड उभे राहील. हे रंग कधी उडत नाहीत. यांना पाणी लागत नाही."

तिचा हात पुढे झाला. वडील आठवले, ढोली आठवली. पाचूचा हिरवा इतका सुंदर होता, की तिला भूक लागल्यासारखे झाले. मग ती थबकली.

"पाणी लागत नाही, तर झाड पिणार काय?"

पेटीतले रंग जागच्या जागी विझून करडे गोटे झाले, आणि तमालनाथ वाटेतून बाजूला सरला.

बेहडा उंच होता, राखी दगडाचा. ढोलीची फट केसाएवढी दिसत होती. धनेशाने चोचीतले उंबर फांदीवर ठेवून फटीला चोच लावली. चोच आत गेली नाही. आतून मात्र टकटक ऐकू आली.

"रंगव!" धनेश किंचाळला. "हिरवा काढ, हिरवा!"

वज्रलेखेने शिंपली उघडली, पण कुंचला बुडवला नाही. तिने वर पाहिले. फांद्यांच्या टोकांना दगडी पानांचे झुबके होते. पाने ताठ नव्हती. ती लोंबत होती, मऊ फडक्यासारखी, दगड होऊनही मऊ.

"धनेशा, शाप पडला तेव्हा याला नवी पालवी होती. हे हिरवे नाही. हे तांबूस आहे!"

धनेशाने मान तिरकी केली. "होती," तो हळूच म्हणाला. "तांबूसच होती. मी विसरलो होतो."

मग तिने कागद ओला केला. खोडाला राखाडीत निळा सोडला, पालवीला तांबूस, आणि पालवीमधून आभाळाचे कोरे तुकडे राहू दिले. हात चालला, डोळे चालले, काळीज घोड्यासारखे उधळले, पण कुंचला हलकाच राहिला. इतक्यात कपाळावरचा घाम टपकला आणि थेट ओल्या खोडावर पडला. रंग सरकला, फिका गोल डाग पसरत गेला, त्याला कातरलेल्या कडा आल्या.

"पूस!" धनेश ओरडला.

तिने पुसायला पदर उचललाही होता. पण नजर खऱ्या खोडाकडे गेली. तिथे, दगडी सालीवर, दगडफुलाचा फिका गोल चट्टा होता, कातरलेल्या कडांचा. कागदावरचा डागही बरोबर त्याच जागी पडला होता.

तिने पदर खाली सोडला आणि डाग पसरू दिला.

वाटीतले पाणी हलले, उतरले, तळाला गेले आणि संपले. चित्र प्यायले, पण त्याची तहान भागली नाही. कागद कोरडा पडून कुरकुरू लागला. वज्रलेखेने आपला पाण्याचा तुंबा रिता केला. चित्र तेही प्यायले.

"पाणी!" ती गावाच्या दिशेने ओरडली. "अहो, झाड पाणी पीत आहे! पाणी आणा!"

ओरडा एका आळीतून दुसरीत गेला. बायका घागरी घेऊन धावल्या, पाणक्यांनी पखाली आणल्या, एका म्हाताऱ्याने हातातला पेलाच आणला. कागद पीत होता आणि पीत होता. कुणी हसत होते, कुणी रडत होते, आणि दगडी गवतावर सांडलेले पाणी कुणाच्याच लक्षात आले नाही, ते पायांखाली गवत मऊ होईपर्यंत.

मग खोड करकरले. फट रुंदावली. आतून एक मळकी चोच बाहेर आली, आणि धनेशाने इतका वेळ जपलेले उंबर त्या चोचीत ठेवले.

वारा सुटला. सळसळ झाली. तो आवाज ऐकून माणसे जागच्या जागी उभी राहिली.

राजवाड्यात धैर्यकेतूने आधी बोटे हलवली, मग पाय खाली टेकला. त्याला आधार द्यायला सेवक धावले. "सोडा," तो म्हणाला आणि लंगडत, पडत, देवराईपर्यंत चालत आला. ढोलीपाशी तो पुष्कळ वेळ उभा राहिला. तोडलेली झाडे काही परत आली नाहीत. त्यांचे बुंधे तसेच होते. राजाने एकेका बुंध्यापाशी गुडघे टेकले आणि मग तमालनाथासमोर हात जोडले. प्रासाद तिथेच थांबला. कुऱ्हाडी वितळून कुदळी झाल्या, आणि गेलेली माणसे गुरांसह परत येऊ लागली.

वज्रलेखा राज्याची चितारीणही झाली आणि सेनापतीही. देवराईत तिची रोज फेरी असे. एका सकाळी ढोलीचे लिंपण फुटले आणि धनेशाचे पिल्लू, पिसे विस्कटलेली, चोच अंगापेक्षा मोठी, प्रथमच उजेडात आले.

"अगं बाई!" राजकन्येने धडपडत कागद पसरला, पाणी सांडले, पुन्हा भरले. "थांब, थांब! अजिबात हलू नकोस!"

पिल्लाने पंख पसरले आणि ते उडाले. कुंचला तोंडात धरून राज्याची सेनापती त्याच्यामागे धावत सुटली.