कुरवाची हाक

फार पूर्वी खोल समुद्रात पाखरू माशांचा एक कळप राहत असे. सोनुली त्यांची म्होरकी. खालून शिकारी सुरमई आली की सगळे आपले पंखांसारखे पर पसरून पाण्याबाहेर झेप घेत आणि दूर जाऊन पडत.

एकदा कुरव नावाचा एक समुद्रपक्षी सोनुलीला म्हणाला, "वरून मला सुरमई आधी दिसते. मी हाक मारली की सगळ्यांनी उडायचं."

त्याची हाक दर वेळी खरी ठरली. सोनुलीला शांत झोप लागू लागली. हळूहळू माशांनी खाली बघणंच सोडलं.

एका सकाळी हाक आली. सगळे उडाले, तर वर कुरवांचे थवे टपलेले! त्यांनी कित्येक मासे आणि सोनुलीची काही पोरं हवेतच टिपली. सोनुली कशीबशी पाण्यात परतली. खाली सुरमई नव्हतीच.

"असं का रे केलंस?" ती ओरडली.

"आमची पिल्लं भुकेली होती," कुरव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा हाक मारली. या वेळी खालून खरोखरच सुरमई येत होती. सोनुलीची उरलेली पोरं तिला बिलगली.

"आई, उडायचं का गं?"

सोनुलीने वर पाहिलं, खाली पाहिलं. ती पुन्हा वर बघू लागली, आणि तेवढ्यात सुरमई येऊन पोहोचली.