राजाने वळलेला दोर

एक होतं नगर. आणि राजाशिवाय नगर कसलं, तेव्हा तिथे राजाही होता. वाईट नव्हता हं. सकाळी उठून देवाला हात जोडायचा, हत्तीला स्वतःच्या हाताने ऊस भरवायचा. पण गरीब माणूस कसा असतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? राजाची स्वारी निघाली, की दिवाणजी आधी माणसं धाडायचे आणि झोपड्यांपुढे रंगीत कापडाच्या कनाती उभ्या करायचे. राजाला वाटे, काय सुंदर आपलं नगर! जिकडे बघावं तिकडे मोर आणि वेलबुट्टी!

मग एके वर्षी पाऊस आलाच नाही. शेतं करपली, विहिरी आटल्या. सरकारी कोठारात मात्र ज्वारी होती, पार छपराला टेकलेली. लोक मागायला गेले, तर दिवाणजी म्हणाले, "वरून हुकूम नाही." वर कोण? राजा. आणि राजाला तर कुणी विचारलंच नव्हतं. उलट दिवाणजींनी त्याच्या कानी लागून एक कायदा करून घेतला. कोठारातली ज्वारी जो चोरेल आणि जो खाईल, त्याला फाशी. राजा मान हलवून मोकळा झाला. त्याचं लक्ष हत्तीच्या उसाकडे होतं, बरं का.

त्या नगरात गेनू नावाचा एक माणूस राहायचा. घरोघरी फिरून जात्यांना टाकी लावायचा, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड ठोकून पुन्हा खरखरीत करायचा. आता दळायला दाणाच नाही, तर टाकी कोण लावून घेणार? घरात बायको ठकू बाळंतीण. पोटात काही नाही, म्हणून अंगावर दूध नाही. बाळ रडायचं, मग तेही थकून गप्प व्हायचं. ते गप्प झालं ना, की गेनू वाकून त्याचा श्वास चालतोय का बघायचा. शेवटी तो उठला, कोठाराच्या मागच्या भिंतीवरून चढला आणि धोतराच्या सोग्यात सूपभर ज्वारी बांधून आणली.

पण सोग्याला होतं भोक. कोठारापासून घरापर्यंत दाणे सांडत आले. दाणे बघत बघत शिपाई आले. ज्वारी तोवर जात्यात गेली होती, पण गेनू सापडला. ठकूने विचारलं, "कुठं नेताय ह्यांना?" शिपाई म्हणाला, "राजाकडे." फाशीचं काही तो बोलला नाही. बाळाकडे बघून त्याचीही जीभ उचलेना.

फाशी म्हटली, की नवा कोरा दोर हवा. मग राहीबाईला बोलावणं गेलं. राहीबाई म्हणजे नगरात दोर वळणारी एकटीच. नवरा वारल्यावर सगळं तीच करायची. बैलाचा कासरा म्हणा, विहिरीचा सोल म्हणा, तिच्या हातचा कधी तुटायचा नाही. काखेत अंबाडीच्या वाखाचं, म्हणजे सालीच्या धाग्यांचं, गाठोडं घेऊन ती राजवाड्याच्या चौकात आली. बघते तर गेनू उभा, हात बांधलेले. तिच्या घरच्या जात्याला टाकी लावणारा गेनू! पण ती रडली नाही, पाया पडली नाही. पदर खोचून खाली बसली आणि म्हणाली, "महाराज, दोर वळते. पण तो एकटीनं वळत नाही. मी इकडं वाख लावत जाणार, तिकडं दुसऱ्यानं लाकडी आकडा फिरवत मागं मागं जायचं. आणि आमच्यात रीत आहे, दोर ज्याला हवा त्यानंच आकडा धरायचा."

"दिवाणजी, धरा बघू," राजा म्हणाला.

दिवाणजींनी अंगरखा सावरला आणि आकडा धरला. राहीबाईने वाख लावला. दोर वीतभर झाला, हातभर झाला, आणि सर्रकन उलगडून पडला.

"दिवाणजी, दोर तुम्हाला हवाय का?" राहीबाईने विचारलं.

"मला कशाला? मी आपला कायद्याचा ताबेदार."

मग जल्लादाला पुढे केलं. हा एवढा मोठा गडी! त्याने आकडा फिरवला. पुन्हा दोर हातभर झाला आणि पुन्हा उलगडला.

"माझ्याकडं काय बघता, बाई?" जल्लाद म्हणाला. "मला सांगतात, मी करतो. घरी मलाही झोप लागत नाही."

आता राहिला कोण? सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. राजा चिडला. "त्यात काय एवढं!" म्हणत तो खाली उतरला आणि त्याने आकडा धरला.

आणि काय नवल! दोर असा वळायला लागला, असा वळायला लागला, की रेशमाची लड जशी. राजा एक पाऊल मागे गेला, दोन पावलं मागे गेला. राहीबाईच्या मांडीवरचा वाख काही संपेना. राजा चौकातून मागे मागे दरवाजाबाहेर पडला. म्हणाला, "पुरे!" पण हात आकड्याला चिकटलेला. सुटेचना. पाय आपले मागेच चाललेत.

पिंके, मुसमुसू नकोस गं. ऐक तर पुढे.

तर पाठमोरा राजा गेला कोठाराच्या मागच्या अंगाला. तिथे गाड्या उभ्या. पोत्यांवर पोती चढतायत, आणि हुकूम कोण सोडतोय? दिवाणजींचा मेहुणा! राजाला असा उलटा चालत येताना बघून त्याच्या हातातलं पोतं पायावर पडलं. "महा... महाराजांचा विजय असो," म्हणत तो एका पायावर नाचायला लागला. "ही ज्वारी कुठे चाललीय?" राजा ओरडला. पण उत्तर यायच्या आत पाय त्याला पुढे, म्हणजे मागे, घेऊन गेले.

मग राजाच्या पाठीला काहीतरी मऊ लागलं. फर्रर्र! कनात फाटली आणि राजा पलीकडे गेला. आता मोर त्याच्या पुढ्यात होते, पण उलट्या बाजूने. इकडून नुसत्या गाठी आणि लोंबणारे धागे. आणि दोन्ही बाजूंना झोपड्या. दारात माणसं बसलेली, डोळे खोल गेलेली. एक म्हातारी चुलीपुढे बसून रिकामं मडकं ढवळत होती. नातवंडांना वाटावं, काहीतरी शिजतंय. राजा म्हणाला, "पुरे!" पण या खेपेला त्याचा आवाज बारीक झाला होता.

आणि मग तो पाठमोराच एका दारातून आत शिरला. भिंतीला पाठ टेकली आणि दोर आपोआप थांबला. शेजारी कोपऱ्यात एक बाई बाळाला घेऊन बसली होती. कोण? ठकू. अंधारात तिला दिसलं ते इतकंच, की कुणीतरी घामाने निथळतोय आणि त्याच्या हातात दोर आहे.

"कोण रे बाबा? आणि असा पाठमोरा का शिरलास? घरात काय असं शिरतात?" ती म्हणाली. "दोरखंडाच्या कामावर आहेस वाटतं. दमलायस. बस. घोटभर आंबील आहे, घे."

"नको," राजा म्हणाला. "तुला राहू दे."

"अरे, दारात आलेला उपाशी गेला तर माझ्या गळ्याखाली उतरेल का? घे म्हणते ना."

तिने वाडगा त्याच्या मोकळ्या हातात दिला. राजा सकाळपासून उपाशी होता. तो घटाघटा प्यायला. आणि मग त्याने विचारलं, "बाई, ज्वारी कुठली?"

ठकूने आवाज खाली आणला. "कोठारातली. आमच्या धन्यानं आणली. त्यांना राजाकडं नेलंय. पण मला घोर नाही. राजा चांगला आहे म्हणतात. बाळाचं ऐकलं की सोडेल."

राजाने वाडगा खाली ठेवला. बाळ त्याच्याकडे टकमका बघत होतं. मग तो हळूच म्हणाला, "हा दोर मला नको."

तसा त्याचा हात सुटला. आणि तो सगळा लांबलचक दोर, झोपडीपासून राजवाड्यापर्यंत, उलगडत उलगडत गेला आणि त्याचा मोकळा वाख झाला.

मग राजा तोंड पुढे करून परत निघाला. मागे बाळ घेऊन ठकू, तिच्या मागे सगळी वस्ती. चौकात दिवाणजी म्हणाले, "महाराज, दोर झाला का?"

"दिवाणजी, आधी मला फाशी द्या," राजा म्हणाला. "चोरीची ज्वारी मी खाल्लीय."

दिवाणजींना घाम फुटला. "भलतंच! महाराजांना कशी फाशी देता येईल?"

"मग त्याला कशी देता येईल?" राजा म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हाताने गेनूचे हात सोडले.

कोठाराची दारं उघडली. कनाती उतरवून त्यांची पोरांना अंगडी शिवली, मोर अंगणाअंगणातून खेळायला लागले. ठकू गेनूवर डाफरली, "बोलायचं नाही का काही? नुसते खांबासारखे उभे!" आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. राजा राहीबाईला म्हणाला, काय हवं ते माग. ती म्हणाली, "काही नको, महाराज. पण माझा वाख गोळा करायला माणसं द्या. एकटीनं कधी आवरायचा एवढा पसारा?" अशी बाई, बघा! माणूस मरत असताना ओरडली नाही, भ्याली नाही, आपली रीत तेवढी सांगितली आणि त्या रीतीला धरून बसली.

काय रे, गजा? अजून जागाच का? दिवाणाला फाशी दिली का म्हणतोस?

नाही रे, सोन्या. फाशी गेली ना आता त्या नगरातून? गेली म्हणजे सगळ्यांचीच गेली, दिवाणाचीसुद्धा. त्याला आणि त्याच्या मेहुण्याला राजाने कामाला लावलं. चोरून विकायला काढलेली तीच पोती पाठीवर घेऊन घरोघरी ज्वारी पोचवायची. पहिल्या दिवशी दिवाणजी त्या म्हातारीच्या दारात पोचले, ते धापा टाकत. ती म्हणाली, "टेक जरा, बाबा. भाकरी खाऊन जा."

आणि ती खाताना दिवाणजी मान खाली घालून रडले म्हणतात.

बास आता. पिंकीची केव्हाच तंद्री लागली. तूही पाय पोटाशी घे, गोधडी ओढ आणि डोळे मिट बघू.