बाळंतिणीच्या खोलीतलं चंदन

“पण त्या राहत का नाहीत, महाराज?”

सोमगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

“कोण?”

“बाळंतिणी. एवढी खोली केली मी त्यांच्यासाठी. शहरातल्या हॉटेलातसुद्धा अशी खोली नसते. आणि बाळंत झाल्या की चार दिवसांत गाठोडं बांधायला घेतात.”

“विचारलंस का त्यांना?”

“रोज विचारतो. म्हणतात, घरी म्हैस आहे.”

“मग असेल म्हैस.”

“सगळ्यांच्याच घरी?”

महाराजांनी दुसरी शेंग फोडली…

विचारणारा श्रीरंग. महाराजांचा शिष्य. वडिलांचा उदबत्त्यांचा कारखाना, आणि हा पुढे शहरात जाऊन शिकलेला. हॉटेलात, दुकानात पाऊल टाकल्यावर माणसाला कसं वाटलं पाहिजे, ते ठरवायचं त्याचं काम होतं. वास कोणता सोडायचा, उजेड किती, आवाज कसला, पायाखाली काय. त्यानं गिऱ्हाईक जास्त वेळ रेंगाळतं म्हणे. ते सगळं सोडून तो मठात आला होता. पण ते काही त्याला सोडून गेलं नव्हतं.

मठाच्या आवारात एक लहानसा दवाखाना आहे. पठारावरच्या वस्त्यांतल्या बायका तिथं बाळंत होतात. वर गाडी जात नाही, पायवाटच आहे. म्हणून बाळ अशक्त असलं तर वजन धरेपर्यंत आईनं खालीच राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. राहण्यासाठीची खोली श्रीरंगनं सजवली होती.

मी त्या दिवसांत त्याच खोलीत होते, माझं बाळ घेऊन. ओट्यावरचं हे बोलणं श्रीरंगनं नंतर सांगितलं, बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलं.

खोलीत चादरी पांढऱ्या, पडदे पांढरे. खिडक्या अर्ध्या झाकलेल्या. फरशी गार. उशाकडे जमिनीलगत मंद दिवा, दिवसासुद्धा. भिंतीवरच्या पेटीतून अगदी हळू आवाजात नामजप चालू. आणि चंदन-गुलाबाची उदबत्ती. ती श्रीरंग स्वतः वळायचा. दारात पाटी होती, ‘शांतता राखा’.

येणारी-जाणारी म्हणायची, किती शांत वाटतं इथं! आम्हीही म्हणायचो, हो, फार शांत. आणि थोड्या थोड्या वेळानं बाळाच्या नाकापुढं बोट धरून बघायचो.

“महाराज, आज ती वैजंता निघालीय,” श्रीरंग म्हणाला. “तिची मुलगी केवढीशी आहे, बघितलीत ना? सिस्टर सांगून थकल्या. मागं एक अशीच गेली होती. वर गारठ्यात बाळ निळं पडलं. खाली आणेपर्यंत…”

तो खाली पडलेली टरफलं गोळा करू लागला.

“तिनंही मला म्हशीचंच कारण सांगितलं होतं.”

महाराजांचा हात शेंगेवरच राहिला.

“तुम्ही सांगा वैजंताला. तुमचं ऐकेल ती.”

“माझ्या धाकानं राहिली तर रात्रभर डोळे उघडे ठेवून राहील. त्याचा काय उपयोग?” महाराज म्हणाले. “तुला काय वाटतं रे त्या खोलीत गेल्यावर?”

“मला? दारात उभं राहिलं तरी झोप येते. आई दिवसभर उदबत्त्या वळायची. तिच्या हाताला हाच वास असायचा. त्याच हातानं थोपटायची.”

“हं…”

महाराज उठले. धोतरावरची टरफलं झटकली आणि चालू लागले.

दाराशी येऊन ते खाकरले. “बायांनो, म्हातारा आत येतोय गं.”

आम्ही पदर सावरले. पुरुषमाणूस त्या खोलीत येत नाही. बायका राहायला लागल्यापासून श्रीरंगही उदबत्त्या दारातूनच सिस्टरच्या हातात द्यायचा.

वैजंता लंगोट्यांच्या घड्या गाठोड्यात भरत होती. पोर मांडीवर.

“कुठं निघालीस, पोरी?”

“घरी, महाराज. म्हैस आहे.”

“दूध चांगलं देत असेल.”

वैजंतानं मान खाली घातली. “…भाकड आहे.”

महाराज हसले नाहीत. श्रीरंग उंबऱ्याबाहेर घुटमळत होता. “आत ये,” ते त्याला म्हणाले. “तिथं कोपऱ्यात बूड टेकव. आणि बोलू नकोस.”

मग ते रिकाम्या खाटेपाशी गेले आणि आडवे झाले. पांढरी चादर छातीपर्यंत ओढली. दोन्ही हात छातीवर ठेवले. डोळे मिटले.



पेटीत जप चालू होता. उशाकडे दिवा होता. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, वारं नव्हतंच…

“महाराज?” श्रीरंग हळूच म्हणाला.

छातीवरचे हात तसेच.

मी माझं बाळ उचलून छातीशी घेतलं. वैजंतानंही घेतलं.

तेवढ्यात वैजंताची सासू आली. द्रुपदाबाई. हातात चहाची किटली. बोलतच येत होती, “उरक गं, उन्हं कलायच्या आत घाट चढलं पाहिजे…” आणि दारातच थबकली. खाटेकडे बघितलं. दिव्याकडे बघितलं. किटली खाली ठेवली. पदराचा बोळा तोंडाशी गेला.

“अगं बाई… कधी?”

“अजून नाही,” महाराज डोळे मिटूनच म्हणाले.

द्रुपदाबाई किंचाळली. माझं बाळ दचकून रडायला लागलं, मग वैजंताचंही. त्या खोलीत एवढा आवाज कधी झाला नव्हता.

“मेल्या…” ती बोलून गेली आणि जीभ चावली. पण राग मावेना. “ही सोंगं करायची जागा आहे का? बाळंतिणीची खोली ही! कोवळी लेकरं आहेत! काही कळतं का नाही?”

महाराज उठून बसले. “मी केलं तर चालतं, बाई. दीक्षा घेतली त्याच दिवशी माझं श्राद्ध मी माझ्या हातानं घातलंय. पुढचं सगळं वरकड.”

“ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा!”

श्रीरंग जागचा हलला नव्हता. तो चादरीकडं बघत होता, दिव्याकडं, पेटीकडं. जसं काही हे सगळं दुसऱ्याच कुणी आणून ठेवलं होतं.

“मावशी,” तो म्हणाला, “तुम्हाला आल्यापासून… असंच वाटत होतं?”

द्रुपदाबाईनं किटली उचलून बाजूला सरकवली.

“मग मला सांगितलं का नाही? मी रोज विचारत होतो, वास कसा आहे. तुम्ही म्हणायचात, चांगला आहे.”

“मग काय सांगायचं?” ती एकदम बोलली. “लेकराच्या उशाशी असलं तोंडानं काढतात का रे बाबा? काढलं की लागतं. माझा थोरला दीर गेला, तेव्हा घर अस्संच होतं. अशीच चादर, असाच दिवा. हीच पेटी कोपऱ्यात चालू. हाच वास. तेराव्यापर्यंत अन्न गोड लागलं नाही. आणि ही पोरगी बघ! रात्रभर लेकराच्या नाकाशी बोट धरून बसते. डोळ्याला डोळा नाही. आई झोपली नाही तर दूध कुठून उतरायचं?”

वैजंता पोरीला थोपटत होती. थोपटता थोपटता म्हणाली, “मला वाटलं, मीच तेवढी वेडी आहे.”

तिनं माझ्याकडं बघितलं.

“मीपण,” मी म्हणाले.



महाराज चादरीची घडी घालत होते. “आता काय पाहिजे तुम्हाला, द्रुपदाबाई?”

“घरी जायचंय.”

“म्हैस भाकड आहे म्हणे.”

वैजंताला हसू फुटलं. पदरात तोंड लपवलं तरी खांदे हलत होते.

“हिला नको तिथं खरं बोलायची हौस!” द्रुपदाबाई म्हणाली. पण ती खाटेच्या कडेवर टेकली होती. मग म्हणाली, “लसूण घालून तेल कडवलं पाहिजे अंगाला लावायला. ओवा भाजला पाहिजे. डिंकाचे लाडू करीन म्हणते. कुठं करू इथं? एक शेगडी द्या, खाटेखाली धुरी…”

“धूर नाही हं मावशी!” सिस्टर बाहेरून ओरडल्या. “एवढ्याशा बाळाची छाती भरेल.”

“मग मागच्या पडवीत करते. वास तरी येऊ द्याल ना आत?”

“वासाला कोण अडवतंय?”

“आणि हा?” तिनं उदबत्तीकडं बोट केलं. “याचा धूर चालतो का तुम्हाला?”

 श्रीरंग उठला. त्यानं उदबत्ती पाण्यात विझवली. पेटी बंद केली. दिवा उचलून बाहेर नेला आणि खिडक्या सताड उघडल्या. बाहेर कुणीतरी कोंबडीच्या मागं पळत होतं, ते आम्हाला पहिल्यांदा ऐकू आलं.

द्रुपदाबाईनं गाठोडं सोडलं. त्यातून वाकळ निघाली, तिच्या जुन्या लुगड्यांची, लाल-हिरव्या ठिगळांची. ती पांढऱ्या चादरीवर पसरली.

“नीज,” ती सुनेला म्हणाली.

थोड्या वेळानं मागच्या पडवीत खलबत्ता वाजायला लागला. मग लसणाचा वास आला, उग्र, तेलकट. मग ओव्याचा. वाकळीला चुलीचा वास होताच. लंगोट्यांचा होता, दुधाचा होता. वैजंता तोंड उघडं टाकून झोपली. पोरगी कुशीत. नाकाशी धरायचं बोट कुठल्या कुठं गेलं होतं.

मी बराच वेळ जागीच होते. मग कधी डोळा लागला, कळलं नाही.

संध्याकाळी बाळाला घेऊन मी दाराशी आले, तर गुरुशिष्य ओट्यावर बसलेले. श्रीरंगच्या मांडीवर उदबत्त्यांचा पत्र्याचा डबा होता. वैजंता गेली नव्हती. पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“महाराज, एक सुचलंय.”

“बोल.”

“लसणाचा, ओव्याचा अर्क काढता येतो. तो वास सोडायच्या मशीनमध्ये भरला की खोलीत आपोआप दरवळत राहील. कुणी कडवायला नको, कुटायला नको.”

“आणि बांगड्या?”

“कसल्या बांगड्या?”

“कुटताना वाजतात त्या.”



मागून द्रुपदाबाईचा आवाज येत होता. तिनं ‘शांतता राखा’ची पाटी काढून तेलाच्या पातेल्यावर झाकण म्हणून घातली होती, आणि सिस्टर ती परत मागत होत्या. “थंड होऊ दे की तेल! पाटी काय पळून चाललीय?”

महाराज ऐकत होते. त्यांना मजा वाटत असावी.

“म्हणजे माझं सगळं चुकलंच,” श्रीरंग म्हणाला. “आईच्या हाताचा वास म्हणून मी तो सगळ्यांना वाटत सुटलो. आणि त्या बिचाऱ्या…” त्यानं डब्यावर हात फिरवला. “ती आधीची… ती राहिली असती, महाराज. हा वास नसता तर राहिली असती.”

महाराज नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

श्रीरंग उठला. ओट्यासमोरच्या पेटत्या धुनीपाशी गेला, डब्याचं झाकण काढलं आणि डबा उपडा करायला हात उचलला.

महाराजांनी मागून त्याचं मनगट धरलं. ते कधी उठले, मला दिसलंच नाही. त्यांनी डब्यातली एक उदबत्ती काढली, नाकाशी धरली. बराच वेळ धरली… मग परत डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

“जाळू नकोस. कोरड्या जागी ठेव,” ते म्हणाले. “माझ्या वेळेला लागेल.”