गोजराईची ओ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. काळथडीच्या देवळाला तेव्हा कळस नव्हता आणि नदीला पूल नव्हता. थडीची माती मात्र तेव्हाही आजच्यासारखीच होती, काळी आणि चिवट, एकदा पायाला धरली की वहाण तिथंच सोडून घरी यावं लागेल अशी. त्या मातीवर कुंभारांची चार घरं जगत होती, असं म्हणतात.

त्यातलं एक घर सटवा कुंभाराचं. त्याची बायको गोजरा. चाक फिरवायचं सटवानं. चाकावरून उतरलेलं ओलं मडकं जरा सुकलं की त्याचं बूड गोल करायचं गोजरानं. आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटणं मारायचं. तिचा हात इतका बसलेला होता की शेजारणीशी भांडता भांडता ती सात मडकी सारख्या जाडीची करून ठेवायची, आणि भांडणही जिंकायची. पण चाकाला तिनं कधी बोट लावलं नाही. बाईनं चाकाला शिवायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रीत पाळायला कारण कुठं लागतं?

दुसरी एक रीत होती, तिचं कारण मात्र कुंभारवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस गेलं की मडकं लागतं. ते पाण्यानं भरून खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं, आणि शेवटी मागं टाकून फोडायचं. पण कुंभारानं मर्तिकाचं म्हणून मडकं कधीच घडवायचं नाही. पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्यातलंच एखादं, निरोप आला की मुकाट उचलून द्यायचं. कारण जुनी माणसं सांगायची, मडकं रिकामं राहत नाही. ज्याच्यासाठी घडवावं, ते मागून घेतं.

मग एका उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी हंडा घेऊन नदीवर गेलेली बाई दुपारी नसायची. कुंभारांची दोन घरं गाव सोडून गेली, एक घर जागच्या जागी संपलं, आणि चौथ्यातला सटवाही गेला. गोजरा एकटी उरली. घरात होती तेवढी मडकी आठ दिवसांत गेली. त्यानंतरची माणसं मडक्याविनाच जाऊ लागली, आणि ते काही गावाला बघवेना.

रखमाजी पाटील तिच्या अंगणात आला. माणूस वाईट नव्हता, पण दमलेला होता.

"गोजरा, माणसं तशीच चाललीत. मर्तिकाची म्हणून नऊ मडकी करून ठिव."

"मर्तिकाची म्हणून करत न्हाईत, पाटील."

"मग काय म्हणून करशील? पानी भराया कोन उरलंय?"

गोजरा उठून मातीकडं गेली. तिच्या जागी तुम्ही असता तर दुसरं काय केलं असतं?

तिनं माती भिजवली, तुडवली, मळली, त्यात राख घातली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याच्या चाकापुढं बसली. वीस वर्षं नुसतं बघितलेलं, तेच हातांनी केलं. चाकाला एकदा काठीनं गती दिली. चाक असं असतं की मडकं अर्धं होईतो मंदावतं, पुन्हा काठी लावावी लागते. पण त्या दिवशी नऊच्या नऊ मडकी होईपर्यंत ते चाक थांबलं नाही, असं म्हणतात. नववं मडकं दोऱ्यानं कापून उतरवलं आणि चाक आपलं आपण उभं राहिलं.

मडकी सुकली, थापटून झाली. तिनं आवा रचला, म्हणजे मडक्यांवर गोवऱ्या नि पाचोळा, वरून खापरं, आणि पेटवून दिला. तिसऱ्या दिवशी राख बाजूला केली तर एकही मडकं फुटलेलं नव्हतं. तुम्हाआम्हाला वाटेल, बरं झालं. पण आव्यातली दोन-चार मडकी फुटायचीच, ती अग्नीची असतात. त्यानं आपला वाटा घेतला नाही, याच्यासारखी वाईट खूण कुंभाराला दुसरी नाही.

सवयीनं तिनं एका मडक्यावर बोटाचं पेर वाजवलं. चांगलं मडकं खणखणतं, तडकलेलं बदबदतं. हे मडकं तसं काहीच वाजलं नाही. लांबच्या शेतातून कुणी कुणाला हाक मारावी, तसा आवाज त्यातून आला. आणि समोरच्या दारात बसलेली तेल्याची म्हातारी म्हणाली, "ओ, आले." तिला कुणीही बोलावलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत तिच्यासाठी मडकं न्यायला माणूस आला.

गोजरानं पुन्हा बोट वाजवलं नाही. पण मडक्यांना आता बोटाची गरज नव्हती. भर दुपारी, गाव चिडीचूप असताना, ओळीतलं एखादं मडकं आपणच वाजायचं. गावात कुणीतरी कामातून मान वर करून "ओ" म्हणायचं. सूर्य मावळताना ते माणूस नसायचं. अशी सहा मडकी गेली.

मग पटकी निघून गेली. पहिला पाऊस पडून गेला, विहिरींचं पाणी निवळलं, माणसं ओट्यावर बसून बोलू लागली. गोजराच्या घरात तीन मडकी उरली होती. तिला वाटलं, सुटलो आपण. पण चार दिवसांनी सातवं मडकं वाजलं, आणि रानात मेंढरं चारणारा धडधाकट बिरू धनगर "ओ" म्हणून वळला तो दरडीवरून खाली गेला. त्याला ना ताप होता, ना जुलाब.

तेव्हा गोजरानं पाटलाला सगळं सांगितलं. पाटील म्हणाला, फोडून टाक, वाद मिटला. तिनं आठवं मडकं थडीवर नेऊन दगडावर आपटलं. त्याच घटकेला चावडीत पान जुळवत बसलेला पाटील "ओ" म्हणाला आणि जागच्या जागी कलंडला. मग गोजराच्या ध्यानात आलं, आणि तिनं कपाळावर हात मारला. मर्तिकाचं मडकं फोडायचंच असतं. तिनं तर विधीच पुरा केला होता.

नववं मडकं तिनं आव्याच्या राखेत खोल पुरलं. पण पोटचं दुखणं कुठं पुरून राहतं? श्रावणात तिची एकुलती एक लेक कौतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गोजरा तिला दारातूनच परत पाठवणार होती, पण लेकीचे दिवस भरले होते आणि नदीला पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आत होती, गोजरा अंगणात पाणी तापवत होती. तेवढ्यात राखेखालून आवाज आला.

"ओ," आतून कौतिका म्हणाली. "काय गं आई?"

गोजरानं हाक मारलेली नव्हती.

ऊन अजून अर्ध्या भिंतीवर होतं. ते खाली उतरेपर्यंतच काय करायचं ते करायचं होतं. तिनं हातांनी राख उकरून मडकं बाहेर काढलं. ते ऊबदार होतं, आणि रिकामं असून भरल्यासारखं जड होतं. फोडायची सोय नव्हती. पाण्यात विरघळवावं, तर भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. मडकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली, आणि आत लेक ओरडत होती. देवाचं नाव तिला सुचलं नाही, तिला धंदाच सुचला. मडकं भरतं तोंडातून, रितं होतं तोंडातून, आणि बोलतंही तोंडातूनच.

तिनं आपलं तोंड मडक्याच्या तोंडाला लावलं.

"तुला मी घडवलंय," ती म्हणाली. "लेकीची ओ सोड. माझी घे."

आणि तिनं ओ दिली. ती ओ इतकी लांब होती की नदीपलीकडं नांगर थांबले, गोठ्यातली गुरं उभी राहिली, असं म्हणतात. ती ओ आत घुमत होती तोवरच तिनं मळलेल्या मातीचा गोळा मडक्याच्या तोंडावर दाबला, थापटण्यानं बडवला, ओल्या हातानं लिंपला. मडक्याला तोंडच उरलं नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा आत बाळ रडलं. मुलगी झाली होती. कौतिकानं विचारलं, आई, कुणावर गेली गं? गोजरानं तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. पुढं ती बावीस वर्षं जगली, पण तिचा आवाज कुणी ऐकला नाही. चाकावर मात्र ती रोज बसायची. बाईनं चाकाला शिवू नये, हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

ती गेली तेव्हा गावापुढं पेच पडला. तिच्या नावाचं मडकं एकच होतं, आणि ते फोडणार कोण? फोडलं तर आतलं काय बाहेर येईल, आणि ते कुणाची ओ मागेल, कुणी सांगावं. शेवटी तिला मडक्याविनाच नेलं. काळथडीत इतक्या पिढ्यांत तसं गेलेलं ते शेवटचं माणूस. म्हणून तिचा विधी अपुरा आहे, म्हणून ती पुरती गेलेली नाही, असं म्हणतात.

ते मडकं अजून कुंभारवाड्यात आहे. तोंड बंद केलेलं मडकं भाजता येत नाही, आव्यात फुटतं, म्हणून वरचं लिंपण कच्चंच राहिलं. पावसाळ्यात ते भेगाळतं. मग घट बसायच्या आधी कुंभारांच्या लेकी-सुना येतात आणि सगळ्या मडक्यावर ओल्या मातीचा नवा हात देतात. वर्षावर वर्षाचे हात चढून त्याचा आता रांजण झालाय. बाळंतपणाला आलेली माहेरवाशीण आधी तिथं जाऊन त्याला हात लावते, मग घरात पाऊल टाकते. आमच्या बाजारात मडकं कुणी वाजवून घेत नाही. परगावचे लोक हसतात, तडकलेली गळ्यात बांधून घेता म्हणतात. बांधून घेतो.

आणि भर दुपारी नुसती हाक ऐकू आली, बोलावणारं दिसलं नाही, तर काळथडीचं माणूस ओ देत नाही. ते एवढंच म्हणतं, "गोजराई, तू दे ओ."

गेल्या चैत्रात मी ओट्यावर सुतळी वळत बसलो होतो. माझ्या थोरल्या बहिणीनं मला हाक मारली, लहानपणी मारायची तशी, लाडाच्या नावानं. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. खोटं कशाला बोलू, ओ अगदी ओठावर आली होती, आणि द्यावीशीही वाटली होती. मग मी जे म्हणायचं ते म्हटलं. जरा वेळानं कुंभारवाड्याकडून एक लांब ओ आली. मी सुतळी खाली ठेवली आणि आत जाऊन माठातलं पाणी प्यालो.