ढिगोबाला काम हवं

एकदा काय झालं... पाय आत घे गं मनवे, गार वारा सुटलाय. तर एकदा काय झालं, एका राजाच्या राज्यात एक बालवाडी होती. माझ्या लहानपणी होती तशीच, बरं का. सारवलेली जमीन, चिंचेची सावली, मोजायला चिंचोके, खेळायला करवंट्या. दुपारी सगळी पोरं आपापल्या गोधडीवर ओळीने आडवी व्हायची. त्या जुन्या लुगड्यांचा वास मला अजून येतो. फार आठवण येते गं त्या दिवसांची.

त्या बालवाडीत येसू नावाची मुलगी होती. तिची आई देवाघरी गेली होती. आईच्या लुगड्याची गोधडी तेवढी मागे उरली होती. ती अंगावर असली की येसू झोपायची, नाहीतर टक्क जागी.

मग एक दिवस राजाची स्वारी आली. राजा मनाचा भला, पण हौस दांडगी. म्हणाला, "माझ्या राज्यातली लेकरं आणि असलं जुनंपानं? छे छे!" शिपायांनी करवंट्या, चिंचोके, गोधड्या, सगळं उचललं आणि मागच्या परसात फेकलं. शिकवणाऱ्या अनशीबाई नको नको म्हणत राहिल्या. पण राजापुढे कुणाचं चालतंय! मग रोज गाडीभर नवं यायचं आणि कालचं नवं परसात जायचं. चेंडू, मडकी, कपडे, केळ्याची सालं, उष्टा भात, सगळं एकावर एक.

ढीग वाढला. वाढता वाढता त्याला डोळे फुटले, पाय फुटले. ढिगोबाच झाला! हसू नको रे, खरंच. मग ढिगोबा उठून बसला, तर बालवाडीवरचं ऊनच गेलं. शिपायांनी काठ्यांनी ढोसलं. मग तो उभा राहिला, तर चिंच त्याच्यामागे दिसेनाशी झाली. शिपाई पळाले. मग तो थेट दाराशी आला आणि पोरं किंचाळत अनशीबाईंना बिलगली.

येसू मात्र पुढे गेली. तिला ढिगोबाच्या पोटात आईच्या लुगड्याचा काठ दिसला होता. त्या गावची एक रीत होती, बरं का. गोधडी शिवून झाली की तिच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवायचा, ती उपाशी राहू नये म्हणून. येसूला वाटलं, हाही उपाशीच असणार. तिने आपली भाकरी पुढे केली.

ढिगोबा रडायलाच लागला. "खाऊन खाऊन तर असा झालोय गं बाई! मला भूक नाही. मला काम दे."

मग काय, पोरं धावली आणि ढिगातल्या एकेका वस्तूला काम देत सुटली. सालं आणि भात वांग्याच्या आळ्यात पुरला. फुटक्या मडक्यांत रोपं लावली. चेंडूंना तर काही झालंच नव्हतं, ते पुन्हा खेळायला घेतले. ढिगोबा लहान लहान होत गेला आणि खिदळत गेला. शेवटी खाली उरल्या गोधड्या. येसूच्या गोधडीच्या तर पार चिंध्या झालेल्या! येसूने भोकाडच पसरलं. मग अनशीबाईंनी सुईदोरा काढला. प्रत्येक पोराने आपल्या फाटक्या गोधडीतला धड तुकडा आणून दिला. मधोमध येसूच्या आईच्या लुगड्याचा उरलेला तुकडा आणि भोवती सगळ्यांचे तुकडे. अशी मोठी गोधडी झाली, की सगळी बालवाडी तिच्याखाली मावली.

आणि मग आली राजाची गाडी. पोरं म्हणाली, "कालचं अजून चांगलं आहे. आज नको."

राजा रागावला नाही. तो नुसता गोधडीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला कुणी कधी गोधडी शिवलीच नाही."

येसू जरा सरकली. "या. पण पाय दुमडून झोपा हं."

राजाने मुकुट काढला, चपला काढल्या आणि गोधडीत शिरला. म्हणाला, "हा मऊ तुकडा कुणाचा गं?"

"माझ्या आईचा."

"मी धरू थोडासा?"

येसूने विचार केला. सोपं नव्हतं हो तिला. मग तिने लुगड्याचं एक टोक आपल्या गालाशी घेतलं आणि दुसरं राजाच्या हातात दिलं.

येसू झोपली, राजा झोपला, सगळी बालवाडी सुखाने घोरायला लागली. आता तुम्हीही मिटा बघू डोळे.