ओंजळीच्या तोंडाशी काढलेला खडक

एकदा एक वृद्ध नकाशाकार आपल्या शिष्यासह समुद्रकाठी राहत होता. तो मुलूख आपल्याकडचा नव्हे. तिथे आकाशात चंद्र दोन. थोरला आपल्या चंद्रासारखाच, वेळेवर येणारा-जाणारा. त्याची भरती-ओहोटी पोरंसोरंही सांगत. धाकट्याचं मात्र काही खरं नसे. महिनोन्महिने दिसायचा नाही, आणि एखाद्या दिवशी न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा उगवायचा. तो उगवला की समुद्राच्या तळाची वाळू कूस बदलायची.

त्यांच्या घरापासून दिवसभराच्या वाटेवर ओंजळ नावाचं आखात होतं. दोन्ही बाजूंनी डोंगराचे हात वळून आलेले, मध्ये शांत पाणी आणि अगदी आत एक शहर. उत्तरेला मिठाचं बेट होतं, ते पावसाळ्यात विरघळायचं आणि उन्हाळ्यात पुन्हा साठून वर यायचं. दक्षिणेच्या टोकावर नाकवाडी नावाची वस्ती. तिथली माणसं मायाळू, पण चौकशी फार. वाट विचारायला थांबावं, तर आधी तुम्ही कुणाचे, गलबतात काय भरलंय, थोरलीचं कुठे जमलं का, हे सगळं सांगावं लागे. त्यामुळे घाईतले लोक नाकवाडी टाळत.

शिष्याने वर्षभर खपून, दोरीला शिसं बांधून, सबंध ओंजळीचा तळ मोजला आणि आपला पहिला नकाशा काढला. त्याच सुमारास एक व्यापारी नकाशा मागायला आला. बायको, तान्ही मुलगी आणि सगळा संसार गलबतात घालून तो आतल्या शहरात कायमचा राहायला निघाला होता.

व्यापारी पाणी भरून घ्यायला गेला, तेवढ्यात गुरूने नकाशा उजेडात धरून पाहिला. "रेघ न् रेघ बरोबर आहे," तो म्हणाला. मग लेखणी उचलून त्याने आखाताच्या ऐन तोंडात एक मोठा काळा खडक काढला.

शिष्याने त्या जागी बोट ठेवलं. "गुरुजी, तिथे खडक नाही."

"नाही. ठाऊक आहे मला."

"मग?"

"तूही जा त्यांच्याबरोबर. आत शिरण्याआधी नाकवाडीला उतर आणि भिवराक्काला माझा नमस्कार सांग." एवढं बोलून गुरू हात धुवायला उठला.

गलबत निघालं. ओंजळीचं तोंड दिसू लागलं तसा व्यापाऱ्याने नकाशा उलगडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा खडक चुकवायचा, तर वाट दाखवायला नाकवाडीचा माणूस घ्यायला हवा. म्हणजे दिवस गेला. मागच्या खेपेला माझ्या मेहुण्याची पत्रिका मागत होते."

"मागू देत की," त्याची बायको म्हणाली. "पोरीला घटकाभर जमिनीवर तरी टेकवता येईल."

शिष्य मघापासून त्या काळ्या खडकाकडेच पाहत होता. वर्षभराच्या मेहनतीवर तो डागासारखा बसला होता. "खडक नाही तिथे," तो म्हणाला. "हे पाणी मी स्वतः मोजलंय. सरळ घ्या."

"मग हा कशाला काढला?"

"गुरुजींचं आता वय झालं."

व्यापारी हसला. त्याने गलबत हाकणाऱ्या तांडेलाला सरळ आत घ्यायला सांगितलं. नमस्कार तसाच राहिला.

खडक नव्हताच. त्याबाबतीत शिष्याचं चुकलं नव्हतं. पण त्याच्या नकाशात जिथे खोल पाणी होतं, तिथे आता वाळूचा उंचवटा येऊन बसला होता. गलबताचं टोक त्यात रुतलं, मागून लाट आली आणि ते एका कुशीवर कलंडलं.

नाकवाडीची माणसं टोकावर बसून सगळं पाहतच होती. ती होड्या घेऊन धावली. पुढच्या होडीत भिवराक्का. "पोर आधी द्या माझ्याकडे," ती म्हणाली आणि ओल्या मुलीला पदरात गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "नाव काय हिचं?"

"अजून ठेवलं नाही," कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली आई म्हणाली.

"अगं बाई, अजून नाही? कितवा महिना हिला?"

माणसं सगळी वाचली. गलबत संध्याकाळपर्यंत फुटलं आणि संसार पाण्यात गेला.

चुलीपाशी बसवून गरम पेज देताना भिवराक्का म्हणाली, "नकाशात खडक नव्हता का? म्हातारा तर नकाशा देताना दर वेळी काढतो. आम्ही त्याला सासरा म्हणतो. सासऱ्याला भिऊन माणसं आमच्या दारी थांबतात. मग आम्ही सांगतो, परवाच धाकटा उगवून गेला, वाळू तोंडाशी आलीय, उत्तरेच्या अंगाने जा."

व्यापाऱ्याने शिष्याकडे एकदा पाहिलं. शिष्याने पेज तशीच खाली ठेवली.

परत येऊन त्याने गुरूला सगळं सांगितलं. वयाबद्दल काय बोलला तेही सांगितलं.

"वय तर झालंच आहे," गुरू म्हणाला.

"पण गुरुजी, खोटा खडक कशाला? इथे विचारून पुढे जा, असं लिहिता आलं असतं."

"पुष्कळ वर्षं तसंच लिहीत होतो. लोक वाचत, मान डोलावत आणि सरळ आत जात. माणूस सूचना नुसती वाचतो, खडक दिसला की मात्र थांबतो. तू मोजलंस ते खोटं नव्हतं. मोजलंस त्या दिवसापुरतं ते खरं होतं. नकाशाने समुद्र एकदाच पाहिलेला असतो, नाकवाडी रोज पाहते. आणि नकाशा जितका नेटका, तितकी माणसाला दुसऱ्या माणसाची गरज वाटेनाशी होते. ती थोडी शिल्लक राहावी, म्हणून मी तो खडक काढतो." गुरूने लेखणी बाजूला ठेवली. "हे तुला निघण्याआधी सांगायला हवं होतं. वाटलं, नमस्कार पोचवायला तरी थांबशील. एवढी चूक माझी."

दुसऱ्या दिवशी शिष्य उठला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत नाकवाडीला गेला. भिवराक्का अंगणात व्यापाऱ्याच्या मुलीला तेल लावत होती. व्यापारी बाजूला वाचलेल्या फळ्या उन्हात मांडत होता.

"चालत आलास? जेवलास का? आई कुठली तुझी? भाऊ किती?" शिष्याने एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. पुढ्यातली भाकरीही खाल्ली.

"बरं, एक गोष्ट आम्हाला कळली नाही," भिवराक्का म्हणाली. "एवढा खडक कागदावर दिसत असताना यांना सरळ आत घ्यायला सांगितलं कुणी? हे काही बोलत नाहीत."

व्यापाऱ्याचा हात फळीवर थांबला.

"मी सांगितलं, अक्का."

तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग तिने पायाने पाट पुढे सरकवला. "बस. आता विचार, काय विचारायचंय ते."

वाटेत कुणी थांबवून आपली दोन प्रश्नांनी चौकशी केली, तर रागावू नये. वाळू कुठे सरकली याची खबर बहुधा त्यांच्याकडेच असते.